पुण्याचे मालक, ब्लॅकबर्नचा क्लब आणि खर्चाची वेसण

प्रश्न : मळवलीजवळ आमची ब्रॉयलरची शेड आहे, करार पद्धतीने पक्षी वाढवतो. धाकट्या भावाला इंग्लंडच्या फुटबॉलचे वेड. तो सांगतो की ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब पुण्याच्या वेंकीजचा आहे, पण मालकांना मनाला येईल तेवढा पैसा त्यात घालता येत नाही, तसा नियमच आहे. मला हे पटत नाही. पैसा त्यांचा, क्लब त्यांचा, मग मध्ये अडवणारे तिसरे कोण? आणि असे नियम आपल्याकडे असते तर पुण्याचे फुटबॉल क्लब टिकले असते का?
– एक वाचक, मळवली (ता. मावळ)

उत्तर : भाऊ सांगतो ते खरे आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीज (म्हणजेच वेंकीज) या पुण्याच्या उद्योगसमूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. क्लबचे कर्जही त्याबरोबर अंगावर आले. प्रीमियर लीगमधला क्लब भारतीय मालकाकडे जाण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हापासून समूहाने त्यात घातलेली रक्कम २० कोटी पौंडांच्या वर गेली आहे. एवढे असूनही एक वेळ अशी आली की मालक पैसे द्यायला तयार होते आणि क्लबला खेळाडू विकत घ्यायला बंदी होती. पुढे उलटी वेळ आली. नियमाची आडकाठी नव्हती, पण पैसाच पुण्याहून ब्लॅकबर्नला पोहोचेना. हे दोन्ही प्रसंग मी सविस्तर सांगणार आहे, कारण खर्चाचे नियम काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत ते एकाच क्लबात इतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते.

आधी अडवणारे तिसरे कोण, ते पाहू. खरे तर तिसरे कोणीच नाही. प्रीमियर लीग ही एक कंपनी आहे आणि तिच्यात खेळणारे २० क्लब हेच तिचे भागधारक. प्रत्येकाला एक मत, नियम बदलायचा तर १४ मते लागतात. खालचे तीन विभाग चालवणारी इंग्लिश फुटबॉल लीगही क्लबांच्या मतानेच चालते. वेंकीजचा हात ज्या नियमाने धरला, तो क्लबांनीच मतदान करून स्वतःवर घालून घेतलेला होता.

का घालून घ्यावा? फुटबॉल क्लब एकटा काहीच विकू शकत नाही. त्याला समोर प्रतिस्पर्धी लागतो, आणि तो मोसम संपेपर्यंत जिवंत असावा लागतो. ब्लॅकबर्नपासून जवळच बरी नावाचे गाव आहे. तिथला १८८५ सालचा क्लब डिसेंबर २०१८ मध्ये १ पौंडाला विकला गेला. पुढचा पैसा कुठून येणार हे नव्या मालकाला लीगपुढे सिद्ध करता आले नाही आणि २७ ऑगस्ट २०१९ रोजी क्लबची लीगमधून हकालपट्टी झाली. त्या वर्षी तिसऱ्या विभागात २४ ऐवजी २३ संघ खेळले. त्याआधी २०१० मध्ये पोर्ट्समथ दिवाळखोरीत निघाला. अवघ्या दोन वर्षांपूर्वी, २००८ मध्ये, त्याने एफए कप जिंकला होता. त्याच्या देणेकऱ्यांच्या यादीत मैदानावर प्रथमोपचार करणारी सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स ही स्वयंसेवी संस्थाही होती. क्लब बुडाला की सर्वांत आधी हात पोळतात ते अशांचे, मालकाचे नव्हे.

दुसरे कारण पगारांच्या चढाओढीचे. एका क्लबाने एका बचावपटूला दुप्पट पगार दिला की शेजारच्या दहा क्लबांतले बचावपटू तेवढाच मागू लागतात. ब्लॅकबर्न आज ज्या दुसऱ्या विभागात आहे, त्या चॅम्पियनशिपमध्ये कित्येक वर्षे सगळ्या क्लबांचा मिळून पगारखर्च त्यांच्या एकूण उत्पन्नापेक्षा जास्त राहिला. तिकिटे, दूरचित्रवाणी, जाहिराती, सगळे धरून येणारा पैसा पगारालाच पुरत नाही. हे चालते ते वरच्या विभागात पोहोचण्याच्या आशेवर, कारण तिथल्या दूरचित्रवाणी हक्कांचा पैसा एका वर्षात क्लबाचे नशीब पालटतो. बढती मिळते दरवर्षी तिघांना आणि पैसा लावतात चोवीसच्या चोवीस.

आता ब्लॅकबर्नचा स्वतःचा इतिहास बघा, कारण तुमच्या प्रश्नाच्या बाजूने बोलणारा सर्वांत भक्कम पुरावा तिथेच आहे. १८८८ साली फुटबॉल लीग स्थापन करणाऱ्या १२ क्लबांपैकी हा एक. गाव कापडगिरण्यांचे, लोकवस्ती सव्वा लाखाच्या आसपास. १९९१ च्या सुमारास जॅक वॉकर या तिथल्याच पोलाद व्यापाऱ्याने क्लब ताब्यात घेतला, केनी डॅलग्लिशला व्यवस्थापक आणले, अ‍ॅलन शिअररला त्या काळच्या विक्रमी रकमेला विकत घेतले आणि १९९४-९५ मध्ये मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून ब्लॅकबर्न इंग्लंडचा विजेता झाला. वॉकरवर कोणी मर्यादा घातली नव्हती. आजचे नियम तेव्हा असते तर ते विजेतेपद झाले नसते. आपल्या गावासाठी पदरचा पैसा ओतणाऱ्या माणसाला अडवणारा नियम मला मनापासून आवडत नाही, हे इथेच सांगून टाकतो.

पण वॉकर ऑगस्ट २००० मध्ये वारला. क्लब त्याच्या कुटुंबाच्या विश्वस्तनिधीकडे गेला, आणि दहा वर्षांत विश्वस्त गिऱ्हाईक शोधू लागले. तुम्ही मळवलीचे, तेव्हा कार्ल्याचे उदाहरण तुम्हाला लगेच कळेल. तिथल्या चैत्यगृहात खांबांवर आणि भिंतींवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटाचे यवन आहेत, कुणी एक खांब दिला, कुणी आणखी काही. ती सगळी एकदाच द्यायची देणगी. पण त्याच लेण्यात उषवदात नावाच्या दात्याचा लेख आहे आणि त्यात त्याने करजिक नावाचे गाव लेण्यातल्या भिक्षूंच्या पावसाळ्यातल्या निर्वाहासाठी लावून दिल्याची नोंद आहे. खांब उभा करणे वेगळे आणि दर पावसाळ्याला पोटाला घालणे वेगळे, हे दोन हजार वर्षांपूर्वी इंद्रायणीच्या खोऱ्यात ठाऊक होते. वॉकरने खांब दिले. गाव लावून देण्यासारखे, म्हणजे क्लबच्या रोजच्या खर्चाला पुरेल असे कायमचे उत्पन्न, तो लहानशा गावात कुठून आणणार होता? वेंकीजने २०१० मध्ये जो क्लब घेतला तो असा होता.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते वेदनादायक आहे आणि भावाला ते पाठही असेल. मालक आल्यावर महिन्याभरात अनुभवी व्यवस्थापक सॅम अ‍ॅलर्डाइसला काढले, मे २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या सामन्यात प्रेक्षकांनी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. रागाचा रोख थेट पुण्यावर होता. वर्षभरात परत वर चढायचे म्हणून मालकांनी हात सैल सोडला, जॉर्डन र्‍होड्स या आघाडीपटूला सुमारे ८० लाख पौंड मोजले. वरच्या विभागातले पगार खाली आल्यावरही चालूच होते.

इथे नियमाने पकडले. चॅम्पियनशिपच्या क्लबांनी तेव्हा ठरवून घेतले होते की २०१३-१४ या वर्षात जास्तीत जास्त ८० लाख पौंड तोटा चालेल, आणि त्यातलेही ५० लाख मालकाने भागभांडवल म्हणून भरायचे. ब्लॅकबर्नचा तोटा त्याच्या कितीतरी पट होता. डिसेंबर २०१४ मध्ये लीगने ब्लॅकबर्न, लीड्स आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या तिघांवर खेळाडूखरेदीची बंदी घातली. ब्लॅकबर्नवरची सुमारे वर्षभराने उठली. भाऊ जे म्हणतो ते नेमके हेच. मालकांकडे पैसे होते, द्यायची तयारी होती आणि तरी नवा खेळाडू विकत घेता येत नव्हता. र्‍होड्सलाही २०१६ च्या सुरुवातीला विकावे लागले, आणि २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या विभागात घसरला. वर्षभरात तो परत चॅम्पियनशिपमध्ये आला, हे श्रेय टोनी मोब्रे या व्यवस्थापकाचे.

भागभांडवलाची ती अट लक्षात घेण्यासारखी आहे. मालकाचा पैसा नियमाला मुळीच नको असतो असे नाही. तो कर्ज म्हणून नको असतो. मालकाने कर्ज दिले की ते क्लबच्या ताळेबंदात देणे म्हणून साचते आणि उद्या मालक बदलला की ते कोणाला तरी फेडावे लागते. भाग विकत घेऊन दिलेला पैसा क्लबमध्ये राहतो. नंतर, २०१६ पासून, चॅम्पियनशिपने वर्षाऐवजी तीन वर्षांचा हिशोब धरला: तीन वर्षांत मिळून ३ कोटी ९० लाख पौंड तोटा चालेल, त्यातला १ कोटी ५० लाखांच्या वरचा सगळा मालकाने भागभांडवलाने भरून काढायचा. प्रीमियर लीगची मर्यादा तीन वर्षांना १० कोटी ५० लाख पौंड होती. ती ओलांडली म्हणून एव्हर्टनचे नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले, आणि मार्च २०२४ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गुण गेले. पूर्वी क्लब दंड भरून मोकळे होत. गुणच जाऊ लागले तेव्हा सगळे सावध झाले.

तोटा मोजताना काही खर्च मुद्दाम बाजूला ठेवतात. मैदानाचे बांधकाम, मुलांची अकादमी, महिला संघ, गावातले सामाजिक काम यावर मालकाने वाटेल तेवढा खर्च करावा, त्याला मर्यादा नाही. तुमच्या प्रश्नाला हे अर्धे उत्तर आहे: गावाला जे उरते त्यावर खर्च करायची मोकळीक आहे, लगाम आहे तो मुख्यतः खेळाडूंच्या पगारावर आणि खरेदीवर.

अर्थात नियम आला की पळवाटही येते. डर्बी काउंटीने २०१८ मध्ये आपले मैदान ८ कोटी १० लाख पौंडांना स्वतःच्याच मालकाला विकले आणि तोट्याचा आकडा खाली आणला. पुढे २०२१-२२ मध्ये दिवाळखोरी आणि हिशोबातले उल्लंघन मिळून त्याचे २१ गुण गेले आणि तो खाली घसरला. दुसरी वाट पुरस्कर्त्याची. मालकाने स्वतः पैसे द्यायचे नाहीत, मालकाशी संबंध असलेल्या कंपनीने जाहिरातीपोटी भरमसाट द्यायचे. मँचेस्टर सिटीवर युरोपच्या महासंघाने, म्हणजे यूएफाने, असाच ठपका ठेवून फेब्रुवारी २०२० मध्ये दोन वर्षांची बंदी घातली होती. जुलैमध्ये क्रीडा लवादाने ती रद्द केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमियर लीगने याच क्लबवर शंभराहून अधिक आरोप ठेवले आणि क्लबने ते सगळे नाकारले. म्हणून आता संबंधित कंपनीशी केलेला जाहिरात करार बाजारभावाला धरून आहे का ते तपासले जाते.

तिसऱ्या गोष्टीला पळवाट म्हणता येणार नाही, पण मला ती सर्वांत जास्त खुपते. एखादा खेळाडू ५ कोटींना पाच वर्षांच्या करारावर घेतला तर हिशोबात दरवर्षी १ कोटी खर्च पडतो. दोन वर्षांनी तो ५ कोटींना विकला तर वहीत त्याची किंमत ३ कोटी उरलेली असते, म्हणजे नफा फक्त २ कोटी. पण अकादमीत लहानाचा मोठा झालेल्या पोराची वहीतली किंमत शून्य. त्याला विकले की येणारा पैन्‌पै नफा. त्यामुळे मर्यादेच्या कडेला पोहोचलेल्या क्लबला सर्वांत सोयीचे ठरते ते घरचे पोर विकणे. अ‍ॅडम व्हार्टन ब्लॅकबर्नचाच मुलगा, लहानपणापासून त्याच क्लबच्या अकादमीत वाढलेला. विशीही न गाठलेल्या या मुलाला फेब्रुवारी २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेसला १ कोटी ८० लाख पौंडांना, वर काही सशर्त रकमेला, विकले. त्याच उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या युरो संघात होता. गावाशी नाते सांगणारा खेळाडू आधी जावा, अशी ओढ नियमाच्या गणितातच आहे. ती दुरुस्त व्हायला हवी.

व्हार्टनच्या विक्रीला मात्र आणखी एक कारण होते, आणि इथे दुसरा प्रसंग सुरू होतो. भारतात सक्तवसुली संचालनालय समूहाच्या परदेशी गुंतवणुकीची परकीय चलन कायद्याखाली चौकशी करत होते. त्या काळात लंडनमधल्या कंपनीकडे पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली. २०२३ पासून हे उघडपणे चर्चेत आले. परवानगी मिळाली तीही बँक हमी देण्याच्या अटीवर. चौकशी म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हे इथे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण ब्लॅकबर्नमध्ये परिणाम लगेच दिसला. खर्च आखडला, फेब्रुवारी २०२४ मध्ये व्यवस्थापक यॉन डाल टोमासन गेला, व्हार्टन विकला, आणि शेवटच्या दिवशी लेस्टरच्या मैदानावर जिंकून संघ कसाबसा विभागात टिकला. त्या वर्षी लीगमध्ये २७ गोल करणाऱ्या सॅमी स्मॉडिक्सलाही ऑगस्टमध्ये विकले. दिल्लीतल्या सुनावणीची तारीख लँकशायरमधले लोक फुटबॉलच्या वेळापत्रकासारखी पाहू लागले.

तोट्याची मर्यादा विचारते: किती गमावणार? पुढच्या वर्षीचा पैसा आज कुठे ठेवला आहे, हे ती विचारत नाही. ब्लॅकबर्नने मर्यादा पाळली असती तरी आणि पाळली तेव्हाही, क्लबचा श्वास एका खिशावर चालू होता. तो खिसा रिकामा नव्हता. फक्त त्याला वेगळ्याच देशातल्या वेगळ्याच कारणाने कुलूप लागले होते. खर्चाच्या सगळ्या नियमांत मला दिसणारी ही मोठी उणीव आहे, आणि पुण्याच्या क्लबांकडे वळलो की ती आणखी ठळक होते.

आपल्याकडे वेगळ्या जातीचा नियम आहे. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाला सारखीच रक्कम ठरवून दिलेली असते. इंडियन सुपर लीगनेही पगाराला तशीच सरसकट मर्यादा घातली. काही वर्षे ती वर्षाला साडेसोळा कोटी रुपये होती. खेळाडूच्या खरेदीची रक्कम तिच्यात धरत नसत, आणि सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक संघाच्या एका नामांकित खेळाडूचा पगारही तिच्या बाहेर होता. २०१४ मध्ये बालेवाडीला विश्वविजेता डेव्हिड ट्रेझेगे खेळला तो त्याच सवलतीत. सरसकट मर्यादेने सामने चुरशीचे होतात, हा तिचा खरा गुण. इंग्लंडच्या नियमात श्रीमंत क्लब श्रीमंतच राहतो, इथे तसे होत नाही.

मग पुण्याचे क्लब का गेले? अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये उभा राहिला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे सुपर लीगच्या आधीपासूनच्या राष्ट्रीय लीगमध्ये, दुसरा आला आणि २०१५ मध्ये त्याचा मुख्य संघ बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगचा एकच मोसम, २०१४-१५, खेळला. शिवाजियन्स हा पुण्यातला जुना क्लब, तो डीएसके शिवाजियन्स या नावाने दोन मोसम आय-लीगमध्ये होता आणि २०१७ मध्ये बाहेर पडला. सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ असा टिकला, २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरी गाठली आणि पुढच्याच वर्षी आर्थिक कारणांनी गुंडाळला गेला. यातल्या कोणीही मँचेस्टर सिटीसारखी उधळपट्टी केली नव्हती. पुणे एफसी तर नेटका चालवलेला क्लब म्हणून नावाजला जायचा. त्यांचा प्रश्न उत्पन्नाचा होता. आय-लीगला दूरचित्रवाणीचा म्हणण्यासारखा पैसा नव्हता आणि मैदानावर जिंकून वरच्या लीगमध्ये जायची वाटही नव्हती. आय-लीग विजेत्याला सुपर लीगमध्ये बढती मिळाली ती २०२३ मध्ये, पंजाबच्या संघाला. दुसरीकडे सुपर लीगच्या क्लबांना दरवर्षी फ्रँचायझी शुल्कच काही कोटी भरावे लागे. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. खर्चाला मर्यादा घालून हे क्लब वाचले नसते. एफसी पुणे सिटी तर मर्यादा लागू असतानाच बुडाला.

पुणे सिटीच्या जागेचे पुढे काय झाले ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती जागा २०१९ मध्ये हैदराबाद एफसीला गेली. त्या क्लबने २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून सुपर लीग जिंकली. पगाराची मर्यादा पाळूनच. आणि २०२३-२४ मध्ये त्याच क्लबचे खेळाडू आणि कर्मचारी पगारासाठी झगडत होते, थकबाकीमुळे फिफाने त्याला नवे खेळाडू घ्यायला बंदी केली होती. २०२५ मध्ये नव्या मालकांनी तो दिल्लीला नेला. अकरा वर्षांत तीन शहरे. कागदावर 'साडेसोळा कोटींहून जास्त पगार देऊ नका' असा नियम होता. 'कबूल केलेला पगार द्याच' याची पक्की हमी कोणाकडून घेतलेली नव्हती. आशियाई महासंघाच्या धर्तीवर आपल्याकडे क्लबांना परवाना लागतो आणि थकबाकी नसल्याचे दाखवावेही लागते, पण ते मागे वळून तपासणे झाले. २०२५ च्या पावसाळ्यात लीगचाच करार संपत आल्याने मोसम लांबला, तेव्हा बंगळुरूने मुख्य संघाचे पगार थांबवले आणि चेन्नईने काम स्थगित केले. खेळाडू पुन्हा उघड्यावरच होते.

हमी कशी असते हे पाहायला मावळच्या बाहेर जावे लागत नाही. गहुंजेचे मैदान तुमच्याच तालुक्यात आहे. सहारा समूहाने २०१० मध्ये पुण्याचा आयपीएल संघ ३७ कोटी डॉलरना घेतला, तेव्हाची ती सर्वांत मोठी बोली. शुल्क थकले तेव्हा मे २०१३ मध्ये क्रिकेट मंडळाने समूहाने दिलेली बँक हमी वटवली, सहारा बाहेर पडला, ऑक्टोबरमध्ये फ्रँचायझी रद्द झाली. मैदानावरचे सहाराचे नावही उतरले. बँक हमीने आपले काम चोख केले. पण तिने रक्षण केले ते मंडळाच्या शुल्काचे. पुण्याचा संघ वाचावा म्हणून ती घेतलेलीच नव्हती.

माझे मागणे त्यात एवढीच भर घालणारे आहे. हमी घ्या, पण खेळाडू, प्रशिक्षक, मैदानावरचे माळी आणि अकादमीतली मुले यांच्या नावाने घ्या. क्लब चालवायला घेणाऱ्याने निदान पुढच्या एका वर्षाच्या पगाराएवढी रक्कम हंगाम सुरू व्हायच्या आधी बँकेत अडकवून ठेवावी, मगच परवाना मिळावा. मालकाला जायचे असेल तर तो जाऊ शकेल, आणि क्लबला नवा धनी शोधायला वर्ष मिळेल. पुणे एफसीला २०१५ मध्ये असे एक वर्ष मिळाले असते तर निदान प्रयत्न करता आला असता.

युरोपही हळूहळू तोटा मोजण्याकडून दूर सरकतो आहे. यूएफाने २०२२ मध्ये ठरवले की पगार, खेळाडूखरेदीचा वार्षिक वाटा आणि दलालांचे शुल्क मिळून उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांत बसले पाहिजेत. २०२३ मध्ये ही मर्यादा ९० टक्के होती, मग ८० आणि २०२५ पासून ७०. प्रीमियर लीगच्या क्लबांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये १४ विरुद्ध ६ मतांनी ८५ टक्क्यांची मर्यादा २०२६-२७ पासून मान्य केली. ही रीत समजायला सोपी आहे, पण ज्याचे उत्पन्न जास्त त्याला खर्चाची मुभाही जास्त, म्हणजे वॉकरच्या ब्लॅकबर्नसारख्या लहान गावाला वर यायची दारे आणखी बंद. मला जास्त आशा आहे ती जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या फुटबॉल प्रशासन कायद्याची. क्लबांनी क्लबांवर लक्ष ठेवण्याऐवजी आता स्वतंत्र नियामक असेल. तो क्लबला परवाना देईल, मालकाची पारख करील आणि पुढच्या खर्चाची आखणी मागेल. पुढचा पैसा कुठे आहे हे विचारायची सत्ता प्रथमच क्लबांबाहेरच्या कुणाकडे तरी आली आहे.

शेवटी भावाच्या उपयोगाचे. ब्रिटनमधल्या क्लबांचे वार्षिक हिशोब कंपनीज हाउस या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतात. ब्लॅकबर्न रोव्हर्सचा अहवाल उतरवून घ्यायला सांगा. त्यात पगार आणि उत्पन्न यांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. त्यानंतर टिपांमध्ये शिरून 'गोइंग कन्सर्न' हा मथळा शोधावा. क्लब पुढचे वर्षभर चालेल असे संचालक कशाच्या भरवशावर म्हणतात, ते तिथे लिहावेच लागते.